देव आधी, गाव मागून

जुन्नरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, पीकविमा, जे म्हणाल ते. लोक घाईत येतात आणि सर्व्हर बंद असला की माझ्यावर डाफरतात, जसा काही तो मीच पदराखाली झाकून ठेवलाय. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. उन्हाळ्यात तर दुपारी माझं डोकं आणि प्रिंटर एकदमच तापतात, आणि दोन्ही गार व्हायला सारखाच वेळ लागतो.

अशाच एका दुपारी कॉलेजातली एक पोरगी पेनड्राइव्ह घेऊन आली. तिला एक अख्खा प्रबंध छापून हवा होता. प्रिंटर दमून मध्ये मध्ये थांबत होता, पोरगी समोरच्या टपरीवर चहाला गेली होती, आणि मी रिकामी बसायचं म्हणून बाहेर आलेली पानं चाळत होते. बिबट्यावर होतं सगळं. आमच्याच उसातल्या बिबट्यावर. एका माणसानं वर्षानुवर्षं बिबट्याची विष्ठा गोळा केली होती, धुतली होती, वाळवली होती, आणि त्यातले केस भिंगाखाली धरून बिबट्या काय खातो ते शोधलं होतं. आधी मला शिसारी आली. मग वाचतच गेले. आमच्याकडं बिबट्या म्हटलं की वासरं आणि शेळ्या, एवढंच आम्हाला माहीत. हा माणूस म्हणत होता की कुत्री बघा, कुत्री. त्या संध्याकाळपासून आमचा कुत्रा पडवीत बांधायला लागलो आम्ही, तो अजून आहे.

पोरगी परत आल्यावर मी तिला विचारलं, हे सापडतं कुठं? ती म्हणाली, विद्यापीठांचे प्रबंध आता इंटरनेटवर टाकतात, जुनी पुस्तकं, जुने नकाशे, सरकारी अहवाल पण असतात, कुणीही बघावं. पैसे किती, तर म्हणे फुकट. मला खरंच वाटेना. हल्ली आमच्या बाजारात मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर फुकट मागितली तरी बाई वर बघत नाही, आणि इथं माणसाची उभी हयात फुकट?

झालं, मला नाद लागला. गिऱ्हाईक नसलं की मी त्या संग्रहात. मी बी.ए. झालेली, इंग्रजी अडखळत वाचते, पण वाचते. अडलं की मोबाईलला विचारते. आणि काय काय सापडायचं म्हणून सांगू! कांदा चाळीत का सडतो यावर एकानं पोथी लिहिलेली. नवऱ्याला त्यातलं वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, ह्यात नवीन काय, हे तर मला माहीत होतं. म्हटलं, माहीत होतं तर मागच्या साली सडवला कशाला? कुकडीच्या काठाला मातीत राखेचा एक पांढरा थर आहे, ती राख म्हणे समुद्रापलीकडच्या कुठल्या ज्वालामुखीची, वाऱ्यावर उडत आमच्या जुन्नर तालुक्यात येऊन पडलेली. लेण्यांमधल्या लेखांवर तर किती जणांनी डोळे फोडलेत. कुणी शेत दान दिलं, कुणी पाण्याचं टाकं खोदून दिलं, सगळं दगडात कोरलेलं, आणि ते वाचायला माणसं उन्हात शिड्या लावून उभी राहिली. लेण्याद्रीला मी लहानपणापासून जाते. गणपतीपुढं हात जोडायचे, माकडांपासून पिशवी सांभाळायची आणि खाली यायचं. तिथं वाचायला काही आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आमच्या जुन्नरात पूर्वी हातानं कागद करायचे, त्यावरही एकानं लिहिलंय. मी कागदावर पोट भरणारी बाई, मला त्या प्रबंधाचा फार लळा लागला. आणि डोंगराकडं भाताची रोपं टाकायच्या आधी राब, म्हणजे रोपांची जमीन, कसा भाजतात यावर एका बाईनं लिहिलंय, ते वाचताना तर माझ्या नाकाला धूर लागला. पालापाचोळा कसा पसरायचा, वरून माती कशी दाबायची, वारा कुणीकडून बघायचा. माझी आई हे सगळं करायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मला काय येतंय, मी अडाणी. आई, तुझ्यावर एका बाईला डॉक्टरकी मिळाली गं, असं मी दुकानात एकटीच मोठ्यानं बोलले. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक हळूच निघून गेलं.

नवरा मला तेव्हापासून डॉक्टरीणबाई म्हणतो. म्हणू दे. मला त्या लोकांचं खरोखर अप्रूप वाटतं. प्रबंध लिहिणाऱ्यांचं तर वाटतंच, पण ही जुनी पानं एक एक करून मशिनवर ठेवणाऱ्यांचंही वाटतं, कारण ते काम मी रोज करते आणि त्यात कंबर कशी जाते ते मला ठाऊक आहे. कधी कधी पानाच्या कडेला त्या माणसाचा अंगठा आलेला असतो. पान दाबून धरलेला नुसता अंगठा, नखाला शाई. कुठल्या गावचा, बाई की बाप्या, काही कळत नाही. मी त्या अंगठ्याला मनातल्या मनात रामराम घालते.

तर असं माझं बरं चाललेलं असताना माहेराहून फोन आला.

माझं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घोडेगावला उतरायचं, शिनोलीवरून डिंभ्याला जायचं, पुढं जीप मिळाली तर नशीब. मूळची वाडी खाली होती, घोड नदीच्या काठाला. धरण झालं आणि ती पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा कडेकडेच्या काही गावांचे चौथरे उघडे पडतात, लोक बघायला जातात. आमची वाडी अगदी नदीच्या पोटात, ती कधीच वर येत नाही. माझा जन्म वरच्या वाडीतला, त्यामुळं मी जुनं गाव बघितलेलं नाही.

पण त्या गावातून लोक वर कसे आले, ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला सगळं बघितल्यासारखं वाटतं. आमच्याकडं रीतच आहे, देव उठल्याशिवाय गाव उठत नाही. नवी वसाहत करायची तर आधी देव जाणार, मग चुली. पाणी शेताला लागलं, सरकारी माणसं येऊन ओरडून गेली, तरी म्हातारी-कोतारी हलेनात. त्यांच्यात सगळ्यात हट्टी माझी चुलती. तेव्हा ती नवी सून होती, पण उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. म्हणाली, भैरोबा खाली आणि मी वर, असं होणार नाही. देवळाची पूजा आमच्या घरात, गाभाऱ्यात आमच्याच घरचे पुरुष जायचे. शेवटी माझे वडील, आबा, आणि माझे चुलते असे दोघं भर पावसात देवळात गेले आणि घोंगडीत गुंडाळून देव खांद्यावर घेऊन बाहेर आले. देव चढणीला लागला तशी अख्खी वाडी मागं निघाली. काकू सगळ्यात पुढं, डोक्यावर पाटा-वरवंटा.

तो देव मग वरच्या वाडीत आधी पाल्याच्या छपरात आणि नंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसला. कंबरेएवढी शिळा, शेंदराचे थर चढून चढून गोल झालेली. जत्रेला त्यावर पितळी मुखवटा चढतो. चुलते वारले, पूजा आबांकडंच राहिली. आबा आता थकलेत, पण सकाळी देवाला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाहीत.

फोन चुलतभावाचा होता, काकूच्या मुलाचा. तो चाकणला कंपनीत आहे, स्वभावानं चांगला, गावासाठी धडपडणारा. जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष तोच. देऊळ दगडी बांधायचं ठरलं होतं, त्याचा मला आनंदच होता. मग म्हणाला, काळ्या पाषाणाची नवी मूर्ती सांगितलीय, चार हात, हातात त्रिशूळ, एकदम सुबक. आणि जुनी शिळा? तर म्हणे, एका गाभाऱ्यात दोन देव चालत नाहीत, असं जाणकारांनी सांगितलंय. जुनीचं वाजतगाजत विसर्जन करायचं. धरणात.

मी विचारलं, आबा काय म्हणाले? म्हणाला, ते करा म्हणाले.

आबा भांडणारे नाहीत. मी भांडून दोघांची कसर भरून काढते. मी त्याला फोनवर बरंच बोलले. ज्या माणसानं देव पाण्यातून खांद्यावर वर आणला, त्याच्या डोळ्यांदेखत तो परत पाण्यात ढकलणार का, एवढी घाई असेल तर म्हातारा मरेपर्यंत तरी थांबा, असं काय काय बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला की, ताई, समितीत मी एकटा नाही, तरणी पोरं म्हणतात हा नुसता शेंदूर फासलेला धोंडा आहे. ह्याला काही इतिहास आहे, किंमत आहे, असा कागद आण. तू रोज तेच वाचत बसतेस ना? रविवारी बैठक आहे, मी वाचून दाखवतो सगळ्यांना.

म्हटलं, आणते.

आणि मी शोधायला बसले. गावाचं नाव घालून काही मिळेना, कारण बुडालेल्या वाडीला कोण यादीत ठेवतंय? मग डोक्यात आलं की गाव गेलं तरी नदी तीच आहे. घोड नदीचं नाव घालून शोधलं तर हे घबाड निघालं! नदीतल्या खेकड्यांवर प्रबंध, मासेमारीवर, गाळावर, हिरड्यात कुठला रस असतो त्यावर. घोडेगावच्या आठवडे बाजारावर एकानं लिहिलेलं, त्यात एक ओळ होती की नदीकाठच्या वाड्यांमधल्या बाया डोक्यावर हिरडा आणि करवंदं घेऊन चालत येतात. त्यातली एखादी माझी आजी असणार. मला कागद पाहिजे होता देवाचा, आणि मी खेकडे वाचत बसले होते. एक गिऱ्हाईक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळत होतं, त्याला म्हटलं, थांबा हो भाऊ, इथं खेकड्यांची अंडी मोजतायत. तो बिचारा थांबला.

शेवटी सापडलं. मराठीतच होतं. वीरगळांवरचा प्रबंध. लढाईत किंवा गुरं राखताना मेलेल्या माणसाच्या नावानं जो कोरीव दगड उभा करतात, तो वीरगळ; आमच्याकडं नुसतं वीर म्हणतात. टाइपरायटरवर टाइप केलेला, फोटो डिंकानं चिकटवलेले. लिहिणारा माणूस धरणाच्या आधी अख्ख्या खोऱ्यातून पायी फिरला होता. कुठल्या वाडीत कुठला दगड, कुठल्या तोंडाला, काय कोरलंय, कुठं फुटलाय, सगळं टिपलेलं. ह्या दगडांवर पुढं पाणी येणार आहे, हे ठाऊक असल्यामुळं की काय, एकही सोडला नव्हता त्यानं. आमच्या लोकांनी तेव्हा त्याला खुळा म्हणून चहा पाजला असणार, आणि तो खुळा आमचं गाव वहीत भरून घेऊन गेला.

आमच्या वाडीचं नाव आलं. देवळाचा फोटो आला. मी खुर्चीत सरसावून बसले.

देवळाच्या दाराशी एक उघडा दगड उभा होता, शेंदूर-बिंदूर काही नाही. त्यावर गाई आणि हातात काठी घेतलेला माणूस कोरलेला. खाली लिहिलं होतं, दारातला वीर, डावा खांदा फुटलेला. तो फुटका खांदा मी लगेच ओळखला. तोच दगड. शेंदराचे कितीही थर चढले तरी डावीकडं ती खाच तशीच आहे, लहानपणी मी तिच्यात फुलं खोचायचे. आणि पुढच्या पानावर गाभाऱ्याचा फोटो होता. त्यात देव होता. डोंगराच्या खडकाचाच एक उंचवटा, जमिनीतून वर आलेला, तेलानं काळा झालेला. खाली एकच ओळ होती. मूर्ती नाही, मूळ खडकच असल्यानं स्थानावरून हलवता येण्याजोगा नाही.

म्हणजे आबांनी आणलेला देव देव नव्हताच. तो दाराचा राखणदार होता. देव खालीच राहिला.

नवरा शेजारून वाकून बघत होता. तो म्हणाला, कागद तर मिळाला बाई, पण उलट्या बाजूचा. खरंच होतं. रविवारी हा कागद वाचला की पोरं म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि शिळा पाण्यात. आणि आबा? पावसात, गडबडीत, चुकीचा दगड उचलला त्यांनी, आणि त्याच्यापुढं जन्म काढला. हे मी त्यांना ह्या वयात सांगू? आणि नाही सांगितलं, तर बैठकीत काय तोंडानं बसू?

दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि गेले माहेरी. डिंभ्यापर्यंत एसटी मिळाली, पुढं जीपसाठी ताटकळले, पोचेपर्यंत दुपार झाली. आबा ओट्यावर ऊन खात हिरडा निवडत बसले होते. माझं तोंड बघूनच त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी म्हटलं, आबा, एक फोटो दाखवायचाय, पण तुम्हाला त्रास होईल. म्हणाले, दाव.

आधी त्यांना दाराचा फोटो दाखवला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. बोटानं मोबाईलच्या वरूनच, काचेला न लावता, देवळाची पायरी दाखवली, शेजारचं उंबराचं झाड दाखवलं. मग मी गाभाऱ्याचा फोटो काढला आणि ती ओळ वाचून दाखवली.

आबा म्हणाले, "मला ठावं हाय."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि सगळं सांगितलं. ते आणि चुलते पहार घेऊन आत गेले होते. देवाच्या भोवतीनं खणलं. जसजसं खणत गेले तसतसा देव रुंदच होत गेला. खाली सगळा डोंगरच. चुलते पहार टाकून रडायला लागले. बाहेर पाऊस, पाणी वरच्या बांधाला आलेलं, आणि माणसं उंबऱ्यावर बसलेली, देवाची वाट बघत. मग आबांनी दारातला वीर उपटला, त्याला देवाच्याच अंगावरचं तेल आणि शेंदूर फासला, मुखवटा बांधला आणि घोंगडीत गुंडाळला.

"देव येत न्हाई म्हणून सांगितलं असतं, तर तुजी काकू तिथंच बसली असती," आबा म्हणाले. "आन तिच्यामागं समदे."

वर आल्यावर लोकांनी विचारलं, दारातला वीर कुठाय? तेव्हा दोघांनी सांगितलं, तो राहिला, पाण्यात गेला. चुलते मरेपर्यंत बोलले नाहीत. आबाही बोलले नसते. करा विसर्जन, असं ते का म्हणाले, तेही मला तेव्हा कळलं. त्यांना वाटत होतं, खोट्या देवाचा मान आता पुरे झाला. पण रोज पाणी घालून घालून त्याच्यावर माया बसलेली. एका तोंडानं करा म्हणायचं आणि घास गिळायचा नाही, असं चाललं होतं त्यांचं. मला राग आला, रडू आलं, आणि अभिमान तर इतका वाटला की विचारू नका. मी त्यांना म्हटलं, आबा, मी हा कागद कुणाला दाखवत नाही. तुमच्या मनात असेल तसं होऊ दे.

ते म्हणाले, दाव. आता खोटं नको.

रविवारची बैठक शेडमध्येच भरली. पोरं खुर्च्यांवर, म्हातारी माणसं सतरंजीवर. काकू खांबाला टेकून बसली होती. तिला कमी दिसतं, पण कान तिचे तिखट. चुलतभावानं मला विचारलं, ताई, कागद मिळाला का? मी उठायच्या आधी आबाच उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. मला ओट्यावर जसं सांगितलं तसंच त्यांनी सांगितलं, देवाकडं तोंड करून, माणसांकडं पाठ करून. पोरीकडं खालच्या देवाचा फोटो आहे, तो बघा म्हणाले, आणि शेवटी एवढंच की माफ करायचं तर करा, मी गावाला फसवलं.

मग चुलतभाऊ हळूच म्हणाला, आणि तो वाईट मनानं बोलला नाही, की मग तर विसर्जनच बरं. हा राखणदार आहे, त्याला त्याच्या देवाजवळ खाली जाऊ दे. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. ऐकायला ते इतकं रास्त वाटलं की माझीही मान हलली.

तेवढ्यात काकूनं आबांना विचारलं, "आमच्या मालकास्नी ठावं व्हतं का हे?"

आबा म्हणाले, "व्हतं. दोगांनीच उचलला."

काकूनं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्यानं एवढी गोष्ट तिच्यापासून लपवली, तीही तिच्याच हट्टापायी. मला वाटलं आता ही काय बोलते कुणास ठाऊक. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं केलं."

मग ती मुलाकडं वळली. "त्यो वर आला म्हणून मी वर आले. मी आले म्हणून तू झालास. तुजी मूर्ती बसव आत, लई चांगली बसव. पर ह्याला पाण्यात घालायचा आसंल, तर आदी मला घाला."

चुलतभाऊ उठला आणि आईच्या पायाशी जाऊन बसला. पुढं काही मतदान-बितदान झालं नाही. नवीन मूर्ती गाभाऱ्यात, आणि वीर देवळाच्या दारात, असं बोलता बोलताच ठरून गेलं. कुणीतरी म्हणालं, त्याची मूळ जागा तीच की. आबा मात्र अजून देवाकडं तोंड करूनच उभे होते, त्यांना हाताला धरून खाली बसवावं लागलं.

मग काकूनं मला हाक मारली. म्हणाली, खालचा देव तुझ्याकडं आहे म्हणतात, मला बघू दे. मी तिच्याजवळ गेले तर तिनं आधी डोक्यावर पदर घेतला. खाली गाभाऱ्यात बायांनी कधी जायचं नसे, तिनं खालच्या भैरोबाला उभ्या जन्मात मुखवट्याशिवाय बघितलं नव्हतं. मी मोबाईल तिच्या डोळ्यांजवळ धरला. फोटो मोठा करून दिला. काळा, ओबडधोबड खडक, पुढं एक पणती. तिनं तोंड इतकं जवळ नेलं की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. मागून सगळी जुनी माणसं वाकून बघत होती, पोरंसुद्धा खुर्च्या सोडून आली होती. कुणी विचारलं, हा फोटो कुणी काढला? मी म्हटलं, तुमच्या गावात एक खुळा येऊन गेला होता, त्यानं.

काकूनं शेजारच्या ताटलीतलं कुंकू बोटावर घेतलं. माझ्या मोबाईलला कुणी बोट लावलेलं मला मुळीच खपत नाही, पण त्या दिवशी मी हू की चू केलं नाही. तिनं ते बोट देवाच्या कपाळावर टेकवलं, जरा दाबून वर ओढलं, आणि फोटोतला देव सर्रकन तिच्या बोटामागं वर गेला. ती दचकली. बोट खाली आणलं, तर देव खाली आला.

तिनं मान वळवून आबांकडं बघितलं. "अवो, मला म्हातारीला हलतोय की ह्यो," ती म्हणाली, "तुमा दोगा गड्यास्नी कसा न्हाई हालला?"

सगळी शेड हसली. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरणं तोंडाला लावलं, ते मग लवकर खाली आलंच नाही.